मिक्सरसारखेच बाईकचेही 'दात' झिजतात! जुन्या शाफ्टवाल्या गाडीची स्प्लाइन कशी तपासायची आणि कधी बदलायची?

मिक्सर सुरू केला, मोटर घुं घुं करत जोरात फिरतेय, पण भांड्यातली चटणी काही वाटली जात नाही. भांडं उचलून खाली बघितलं की कळतं, कपलरचे दात झिजून गुळगुळीत झालेत. मोटर चांगली आहे, पातंही चांगलं आहे. फक्त दोघांना जोडणारा तुकडा संपलाय.

नेमकं हेच मोठ्या बाईकच्या बाबतीतही घडतं. इंजिन सुरू, गिअर पडलेला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन ओरडतं, गाडी मात्र जागेवरच. मिक्सरचं कपलर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. तीस-चाळीस वर्षं जुन्या बाईकचा पार्ट तसा मिळत नाही. म्हणूनच जुनी शाफ्ट ड्राइव्ह बाईक असलेल्यांनी किंवा घेऊ पाहणाऱ्यांनी 'स्प्लाइन' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा.

शाफ्ट ड्राइव्ह म्हणजे काय?

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक बाईक्समध्ये इंजिनाची ताकद चेनने मागच्या चाकापर्यंत जाते. शाफ्ट ड्राइव्हमध्ये चेनऐवजी एक लोखंडी दांडा असतो. तो मागच्या फोर्कच्या पोकळ नळीतून जातो आणि शेवटी गिअरच्या डब्यातून चाक फिरवतो. या डब्याला 'फायनल ड्राइव्ह' म्हणतात.

ही कल्पना जुनीच आहे. बीएमडब्ल्यूने १९२३ मध्ये आणलेली पहिली बाईक, आर ३२, शाफ्टवरच चालायची. होंडाने १९७४ मध्ये गोल्ड विंग जीएल १००० जगासमोर आणली, तीही शाफ्टवाली. १९८३ मध्ये बीएमडब्ल्यूची चार सिलिंडरची के १०० आली आणि १९८५ मध्ये तिची तीन सिलिंडरची बहीण के ७५.

चेन ताणायची नाही, तेल सोडायचं नाही, पँटला काळे डाग नाहीत. त्यामुळे 'शाफ्टवाल्या गाडीला काही करावंच लागत नाही' असा समज पसरला. खरी अडचण इथूनच सुरू होते.

मग स्प्लाइन कुठे असते?

ट्रॅक्टर बघितला असेल तर स्प्लाइनही बघितलेली आहे. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर जोडायचा जो पीटीओ शाफ्ट असतो, त्याच्यावर लांबीच्या दिशेने उभे दात असतात. हे दात समोरच्या भागातल्या खाचांमध्ये बसतात. दोन्ही भाग एकत्र फिरतात, पण गरज पडली तर पुढे-मागे सरकू शकतात आणि वेगळेही करता येतात. या दात-खाचांच्या जोडीलाच स्प्लाइन म्हणतात.

बाईकमध्ये सरकण्याची गरज का पडते? कारण खड्ड्यातून जाताना मागचं चाक वर-खाली होतं आणि त्यासोबत शाफ्टला थोडं सरकावं लागतं. शिवाय टायर बदलायला चाक बाहेर काढता आलं पाहिजे.

जुन्या शाफ्टवाल्या गाड्यांमध्ये स्प्लाइन साधारण तीन ठिकाणी सापडते.

पहिली, चाक आणि फायनल ड्राइव्ह यांच्यामध्ये. गोल्ड विंगमध्ये आणि बीएमडब्ल्यूच्या सत्तरच्या दशकातल्या आर मालिकेच्या गाड्यांमध्ये ती इथे असते.

दुसरी, शाफ्ट आणि फायनल ड्राइव्ह यांच्यामध्ये. के ७५ आणि के १०० मध्ये ही महत्त्वाची.

तिसरी, क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टमध्ये. सगळ्यात आत आणि सगळ्यात दुर्लक्षित.

झिजतात कशामुळे?

पहिलं कारण म्हणजे कोरडेपणा. दात खाचेत घट्ट बसलेले दिसले, तरी चालत्या गाडीत ते सतत अगदी बारीक हालचाल करत असतात. मध्ये ग्रीस असेल तर काही बिघडत नाही. ग्रीस सुकलं किंवा बाहेर फेकलं गेलं की लोखंडावर लोखंड घासतं. त्यातून निघणारी बारीक पूड गंजते आणि ती तांबूस पूडच पुढे पॉलिश पेपरसारखं काम करते. म्हणजे झीज स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

दुसरं कारण, दोन भाग एका रेषेत नसणं. क्लचच्या स्प्लाइनमध्ये हे विशेष महत्त्वाचं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्यरेषा किंचित जरी चुकल्या, तरी प्रत्येक फेरीला दातांवर तिरका जोर येतो. अशा गाडीत कितीही ग्रीस लावलं तरी दात पुन्हा झिजतात.

गाडी आधी काही इशारा देते का?

देते, पण हळू आवाजात. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की मागून 'ठक' असा आवाज येतो. गिअर जड पडायला लागतात, न्यूट्रल सापडत नाही. क्लचची स्प्लाइन कोरडी झाली की प्लेट सहज सरकत नाही आणि क्लच पूर्ण सुटत नाही, त्याचा हा परिणाम.

घरच्या घरी करायची एक साधी चाचणी आहे. इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडवर लावा, पहिला गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. थोडा प्ले असणारच, कारण गिअरच्या दातांमध्येही जागा असते. पण हा प्ले पूर्वीपेक्षा वाढला असेल तर आत बघायची वेळ आली आहे. प्ले कमी आहे म्हणून स्प्लाइन चांगलीच आहे, असं मात्र समजू नका. खात्री उघडल्यावरच होते.

आणि दुर्लक्ष केलं तर? दात संपले की इंजिन आणि चाकाचं नातंच तुटतं. ओव्हरटेक करताना ट्रकच्या शेजारी असतानाच गाडीची ताकद जाऊ शकते. घाट उतरताना असं झालं तर इंजिन ब्रेकिंगही जातं, सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर गिअरमध्ये लावलेली गाडीही घरंगळू शकते, कारण गिअर आता चाकाला धरून ठेवत नाही.

तपासायचं कसं?

ज्या गाडीत स्प्लाइन चाकापाशी आहे, तिथे काम सोपं. चाक काढलं की दात समोर दिसतात. के ७५ आणि के १०० मध्ये चाकानंतर शॉकअबसॉर्बरचा खालचा बोल्ट आणि वेगमापकाच्या सेन्सरची जोडणी सोडवावी लागते, मग फायनल ड्राइव्ह मागे ओढून काढता येतो. क्लचच्या स्प्लाइनसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे जवळपास निम्मी गाडी उघडते.

उघडल्यावर लगेच पुसू नका. आधी जुनं ग्रीस बघा. काळं किंवा करडं आणि ओलसर असेल तर ठीक. तांबूस, कोरडी पूड दिसली तर घासाघासी सुरू झाली आहे.

मग ब्रशने दात पूर्ण स्वच्छ करा आणि टॉर्चच्या उजेडात तीन गोष्टी बघा.

एक, दाताचा माथा. चांगल्या दाताचा माथा सपाट असतो. झिजलेला दात टोकदार होत जातो आणि शेवटी करवतीच्या पात्यासारखा दिसतो.

दोन, एकाच बाजूची झीज. गाडी बहुतांश वेळ पुढेच ओढते, त्यामुळे दाताची एकच बाजू जास्त खाल्ली जाते.

तीन, पायरी. स्प्लाइनचा थोडा भाग बऱ्याचदा समोरच्या खाचेत बसतच नाही, म्हणून तो नव्यासारखा राहतो. त्या भागावरून वापरातल्या भागाकडे नख फिरवा. नख अडकलं तर तेवढं लोखंड झिजून गेलं आहे. मूळ दात कसा होता, हे सांगणारा नमुना गाडीतच असतो.

मोबाईलवर जवळून फोटो काढून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच कामी येतं.

बदलायची वेळ आली तर?

हलकी झीज असेल तर साफसफाई, योग्य ग्रीस आणि पुढची तपासणी लवकर, एवढं पुरतं. दात टोकदार झाले असतील तर बदलण्याला पर्याय नाही.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती पैसे वाचवण्याच्या नादात. दोनपैकी एकच भाग नवा टाकला जातो. झिजलेल्या खाचेत नवा दात बसवला की सगळा जोर थोड्याशा जागेवर येतो आणि नवा भागही लवकर संपतो. म्हणून दोन्ही बाजू तपासा आणि दोन्ही खराब असतील तर जोडीनेच बदला. जुन्या गाडीचा वापरलेला पार्ट मागवताना दातांचे स्वच्छ केलेले, जवळून काढलेले फोटो आधी मागा.

दातांवर वेल्डिंग मारून भरण्याचा सल्लाही मिळतो. तो टाळा. हे दात उष्णता देऊन कठीण केलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कठीणपणा बिघडतो. दुरुस्तीच करायची असेल तर झिजलेला तुकडा कापून नवा स्प्लाइनचा तुकडा अचूक बसवावा लागतो आणि ते अनुभवी मशीन शॉपचं काम आहे.

आणि झीज मध्यरेषा चुकल्यामुळे असेल तर आधी ती चूक शोधा. नाहीतर नवीन पार्टही त्याच वाटेने जाईल.

ग्रीस कुठलंही चालतं का?

नाही. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे फार टिकत नाही. इथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेली पेस्ट लागते. मेकॅनिक तिला 'मॉली' म्हणतात. त्यातले घन कण दाबाखालीही दातांवर चिकटून राहतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जी पेस्ट सांगितली असेल, तीच वापरा.

क्लचच्या स्प्लाइनला मात्र अगदी पातळ थर द्यायचा. जास्त लावलं तर ते उडून क्लच प्लेटवर जातं आणि क्लच घसरायला लागतो. चाकापाशी ओ-रिंग असेल तर ती नवी टाका, ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवण्याचं काम तिचंच. नटबोल्ट आवळण्याचा क्रमही मॅन्युअलप्रमाणेच पाळा. काही गाड्यांमध्ये आधी ॲक्सल आणि मग फायनल ड्राइव्हचे नट आवळतात, म्हणजे सगळं एका रेषेत बसतं.

लक्षात ठेवायचं एवढंच

मागचा टायर बदलताना चाक तसंही बाहेर येतं. त्याच वेळी मेकॅनिकला सांगा, "स्प्लाइन साफ करून मॉली लाव." आपल्याकडे बहुतेक मेकॅनिकच्या हाताखालून चेनवाल्या गाड्याच जातात, त्यामुळे हे मालकालाच आठवणीने सांगावं लागतं.

जुनी गाडी विकत घेत असाल तर 'इंजिन कसं आहे' यासोबत आणखी एक प्रश्न विचारा, 'स्प्लाइनला शेवटचं ग्रीस कधी लावलं?' मालकाला उत्तर देता आलं नाही, तर गाडी घरी आणल्यावर पहिलं काम तेच करा.