सिंदिया: दरयुद्धात टिकली, कर्जात बुडाली

पालघर जिल्ह्यातल्या अर्नाळ्याच्या जलदुर्गाचे नाव घेतलेली ‘आयएनएस अर्नाळा’ ही पाणबुडीविरोधी युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. त्या शहरातल्या एका भागाला आजही सिंदिया म्हणतात. तिथला जहाजबांधणीचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने उभारला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांनी त्याची पायाभरणी केली आणि १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली. कारखाना पुढे सरकारकडे गेला आणि टिकला, पण कंपनी मोडली. आता पालघर जिल्ह्यातच, वाढवणला, ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे कंटेनर बंदर होणार आहे. म्हणून सिंदिया कशी मोडली हे इथल्या वाचकाने नीट समजून घ्यायला हवे. परदेशी स्पर्धेने ती बुडाली असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. स्पर्धा तिने जन्मापासून सोसली. तिला बुडवले ते उधारीवर घेतलेल्या जहाजांनी.

१९१९ साली वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले. ५ एप्रिलला ते मुंबईहून लंडनला निघाले आणि तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. व्यवहार म्हणून मात्र ते जहाज आतबट्ट्याचे ठरले. १९२३ मध्ये ते भंगारात निघाले. त्याच सुमारास लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने किनारी वाहतुकीचे दर इतके पाडले की नवख्याने गाशा गुंडाळावा. कंपनी विकत घेण्याचीही तयारी दाखवली. सिंदियाने विकायला नकार दिला. ब्रिटिश इंडियाशी १९२३ मध्ये झालेला दहा वर्षांचा करार तिने सही करून पत्करला, पण त्यात ताफ्याला ७५ हजार टनांची मर्यादा होती आणि व्यापार किनाऱ्यापुरताच राहणार होता. अट अपमानकारक होती, तरी कंपनी जिवंत राहिली. ती तग धरू शकली याचे कारण तिचा मुख्य आधार भागधारकांचे भांडवल होता. वाईट वर्षी भागधारक लाभांशाविना राहतो, वैतागतो, पण जहाज जप्त करायला येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा पाया बदलला. किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवला गेला, परदेशी मार्ग खुले झाले आणि कंपनीची सूत्रे सांभाळणाऱ्या सुमती मोरारजी यांच्या काळात ताफा ४३ जहाजांपर्यंत वाढला. जहाजमालकांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचे कर्तृत्व कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण या वाढीच्या काळात भारतीय कंपन्यांना जहाजासाठी पैसा मिळे तो मुख्यतः सरकारच्या नौवहन विकास निधीतून, कर्जाच्या रूपाने. जहाज वीस-पंचवीस वर्षे चालते, भाड्याचे दर मात्र दोन-तीन वर्षांत कोसळू शकतात. कर्ज काढून बोट बांधणाऱ्या अर्नाळ्याच्या मच्छीमाराला हे वेगळे समजवावे लागणार नाही: मासळी लागो न लागो, हप्ता थांबत नाही. त्यातच अमेरिकेच्या माल्कम मॅक्लीनने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ जहाजावर ५८ पेट्या, म्हणजे कंटेनर, चढवून सुरू केलेली पद्धत १९७३ मध्ये कोचीला पोचली. सिंदियाची जहाजे मुख्यतः सुट्या मालाची होती. गोणी, पिंपे, खोकी डेरिकने एकेक उचलायची, म्हणून अशा जहाजांचा जवळजवळ अर्धा काळ बंदरातच जाई. उभ्या जहाजाला भाडे मिळत नाही, व्याज मात्र चढत राहते.

यावर पहिला आक्षेप असा की सिंदियाने वेळीच पेट्यांची जहाजे घेतली असती तर ती वाचली असती. मग खुद्द मॅक्लीनचे काय झाले? १९७८ मध्ये त्याने युनायटेड स्टेट्स लाइन्स घेतली आणि तेल महागच राहील असे धरून बारा अवाढव्य, संथ कंटेनर जहाजे कर्जाने बांधली. तेल स्वस्त झाले आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. जहाज नको, नुसत्या पेट्याच भाड्याने द्याव्यात, असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीची पी अँड आर कंपनी पाहावी. तिने सुमारे ५४ हजार गुंतवणूकदारांना पेट्या विकून त्या भाड्याने चालवल्या. २०१८ मध्ये ती कोसळली तेव्हा १६ लाख पेट्यांपैकी जेमतेम सहा लाख प्रत्यक्षात निघाल्या. बाकीच्या कागदावरच होत्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १९६१ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन स्थापन करून सरकारनेच खासगी कंपनीचा गळा आवळला. सरकारी प्रतिस्पर्ध्याचा ताप झाला हे मी नाकारत नाही. पण मुख्यतः तेलवाहू आणि एकगठ्ठा मालाच्या जहाजांवर भर देणारी मुंबईचीच खासगी ग्रेट ईस्टर्न त्याच सरकारच्या काळात तगली. म्हणजे निर्णायक ठरले ते कोणती जहाजे घेतली आणि कोणाच्या पैशाने, हे.

१९८०च्या दशकात जगभर जहाजांची गर्दी झाली आणि दर कोसळले. १९८७ मध्ये नौवहन विकास निधी समितीच बंद झाली, आणि त्याच साली कर्जबाजारी सिंदियाचा कारभार सरकारने हाती घेतला. पुढे तिची जहाजे संपली. बॅलार्ड इस्टेटमधली सिंदिया हाउस ही इमारत उरली. १९८७-८८ मध्ये भारताच्या परदेशी व्यापारातला सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजे वाहत होती. तो वाटा पुढे दहा टक्क्यांच्याही खाली आला, आणि जगातल्या बहुतेक सगळ्या पेट्या चीनमध्ये बनतात. वाढवणची आज चर्चा होते ती धक्क्यांची, भरावाची आणि मासेमारीच्या जागांची, आणि ती व्हायलाच हवी. पण तिथे लागणारी जहाजे आणि पेट्या कोणाच्या असतील, आणि त्यांवरचे कर्ज मंदीत कोण फेडणार, हे दोन प्रश्न पालघरच्या लोकप्रतिनिधींनी बंदर उभे राहण्याआधीच सरकारला विचारले पाहिजेत.