मिरगाचा पाऊस आणि आज्ज्याची रेघ

सुट्टीत 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' हे इंग्रजी पुस्तक वाचलं. १९७६ साली ते आत्मकथा म्हणून छापलं गेलं. एका पोरक्या मुलाला त्याचे चेरोकी आजी-आजोबा डोंगरात वाढवतात, रानातलं सगळं शिकवतात. वाचताना सारखा आमचा आज्जा आठवत होता. मग कळलं, की १९९१ मध्ये या आत्मकथेचं बिंग फुटलं. लेखक कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेतला माणूस निघाला आणि त्याचं बालपण तसं नव्हतंच. मन खट्टू झालं. म्हटलं, आपल्याकडं खरा आज्जा होता की! त्याचंच लिहू.

आई-वडील नोकरीसाठी पुण्याला, त्यामुळं मी बारावीपर्यंत कसबा बावड्यात आज्जा-आज्जीकडंच वाढलो. घरात कॅलेंडर होतं, पण आज्जा चालायचा नक्षत्रावर. "मिरीग निघाला, बियाणं काढ." मला ही अंधश्रद्धा वाटायची. नंतर समजलं, यात साधं गणित आहे. मराठी महिने चंद्राचे, म्हणून ज्येष्ठ कधी लवकर, कधी उशिरा. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याची. वर्षाचे २७ भाग, प्रत्येक साधारण साडेतेरा दिवसांचा. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. जुलैतला पुनर्वसू म्हणजे 'तरणा' पाऊस, त्यानंतरचा पुष्य म्हणजे 'म्हातारा'. पेरणीला असंच न हलणारं कॅलेंडर लागतं.

आज्जीचं शास्त्र बांधावर. कुर्डू, पाथरी, घोळ कोवळी असतानाच खुडायची. मी मुळासकट उपटली की पाठीत धपाटा! "शेंडा खुड रं, परत फुटाय नको व्हय?"

संध्याकाळी आज्जा राजाराम बंधाऱ्यावर न्यायचा. होस्टेलवाले तिकडं फिरायला जातात, पण खांबांच्या खाचा किती जणांनी बघितल्यात? पावसाळा सरला की त्या खाचांत बरग्यांच्या दोन रांगा बसवतात आणि मधे माती भरतात. पाणी अडतं, उसाला मिळतं. पावसाळ्याआधी बरगे काढले, की पूर आणि गाळ मोकळा वाहून जातो. हाच 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. थर्ड इयरला तो पुस्तकात आला, तेव्हा वर्गात एकटा मीच हसलो.

पंचगंगेची पातळीही इथंच मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. आज्ज्याचं माप वेगळं होतं. काठाला काठी रोवायची आणि तासाभरानं पाणी किती बोटं चढलं ते बघायचं. शिवाय गोठ्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ त्यानं गेरूनं मारून ठेवली होती.

ऑगस्ट २०१९. मी नववीत. शेजारचे जनावरं हलवत होते. आज्जा म्हणाला, "ह्या रेघंच्या वर पाणी जात न्हाई." त्या वर्षी त्यानं काठी रोवलीच नाही. रात्री पाणी रेघ ओलांडून वर आलं. कमरेएवढ्या पाण्यातून म्हशी सोडवल्या, पण एक रेडकू हातातून गेलं. ५५ फुटांच्या वर गेलेलं पाणी गावानं बघितलं नव्हतं.

दोन दिवस आज्जा कुणाशी बोलला नाही. पूर ओसरल्यावर त्यानं नवी रेघ मारली आणि मला म्हणाला, "पोरा, रेघ खोटी न्हवती. पर ती गेल्या पाण्याची हुती. येणारं पाणी काठीवर बघायचं असतंय."

जुलै २०२१ मध्ये, 'म्हाताऱ्या' पावसात, पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं. पण त्याआधीच आज्ज्यानं काठी बघून म्हशी वरच्या अंगाला नेल्या होत्या. सगळी जनावरं वाचली.

पुस्तकातला आजोबा लेखकाला हवा तसा वागतो. आमचा आज्जा चुकला आणि त्या वयात पुन्हा शिकला. त्याचं ज्ञान मला खरं वाटतं ते त्यामुळंच. आज्जा आता नाही. भिंतीवर तीन रेघा आहेत. सुट्टीला घरी जाल, तेव्हा तुमच्या आज्ज्याला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. ऐकून घ्या, लिहून ठेवा आणि काठीही रोवा.