देहात अडकलेली गोळी आणि प्रतिमेचा पुरावा

विल्हेल्म रॉन्टगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि अवघ्या काही महिन्यांत हा शोध न्यायालयात पोहोचला. १८९५ च्या नाताळात कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी एका तरुणाच्या पायात गोळी शिरली. डॉक्टरांना ती सापडली नाही. जखम भरली, वेदना मात्र राहिली. फेब्रुवारी १८९६ मध्ये मॅक्‌गिल विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन कॉक्स यांनी सुमारे ४५ मिनिटे क्ष-किरण सोडून त्या पायाची प्रतिमा घेतली. गुडघ्याखालील दोन हाडांच्या मध्ये चपटी झालेली गोळी दिसली, ती काढण्यात आली आणि ती प्रतिमा खटल्यात पुरावा ठरली. त्यापूर्वी १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातुशोधक यंत्र वापरले होते. ते निष्फळ ठरले होते.

शिशाचा अणुक्रमांक ८२. मऊ ऊतींतून सहज पार होणारे क्ष-किरण शिसे मोठ्या प्रमाणात शोषून घेते; म्हणून हाडाहूनही ठळक अशी गोळीची छाया उमटते. परंतु छायेला खोली नसते. त्यामुळे समोरून व बाजूने अशा किमान दोन प्रतिमा आवश्यक ठरतात. शिवाय गोळी फिल्मपासून जितकी दूर, तितकी तिची छाया मोठी. केवळ छाया मोजून गोळीचा कॅलिबर ठामपणे सांगणारा अहवाल, माझ्या मते, उलटतपासणीत टिकू नये.

शवविच्छेदनापूर्वी हिशेब जुळवावा लागतो. प्रवेश-जखमांपेक्षा निर्गम-जखमा कमी असतील, तर उरलेल्या गोळ्या देहात असल्या पाहिजेत. त्या अपेक्षित जागी नसतील, तर संपूर्ण देहाची प्रतिमा घेणे इष्ट. कारण हृदयात अथवा मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली गोळी रक्तप्रवाहाबरोबर पायापर्यंतही वाहत जाते.

सीटी स्कॅनमुळे गोळीचा मार्ग त्रिमितीत पाहता येतो. कवटीत प्रवेशाचे छिद्र आतील बाजूस, तर निर्गमाचे बाहेरील बाजूस रुंदावते. हा फरक स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो. धातूभोवती उमटणाऱ्या रेषा मात्र लगतचा तपशील झाकून टाकतात. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात या तंत्रातून आभासी शवविच्छेदनाची पद्धत विकसित झाली. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२१ मध्ये त्यासाठी केंद्र सुरू झाले. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे पोलादी गोळी हलण्याचा धोका असतो.

तथापि, गोळी कोणत्या बंदुकीतून सुटली, हे कोणतीही प्रतिमा सांगत नाही. नळीतील सर्पिल खाचांचे ओरखडे प्रत्यक्ष गोळीवर असतात आणि तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली तीच ठेवावी लागते. उघड्या दातांच्या चिमट्याने ती ओढल्यास त्या खुणांवर नव्या खुणा उमटतात. म्हणून चिमट्याच्या टोकांना रबर लावतात किंवा हातमोजा घातलेल्या बोटांनीच ती काढतात.

खरा पेच जिवंत जखमीच्या बाबतीत उद्भवतो. पाठीच्या कण्यालगतची गोळी काढणे पुष्कळदा ती राहू देण्यापेक्षा घातक असते. सांध्यातील गोळीचे तसे नाही. सांध्यातील द्रवात शिसे विरघळून विषबाधा होऊ शकते, म्हणून ती काढणेच योग्य. हा निर्णय रुग्णाच्या हिताचा आहे, तपासाच्या सोयीचा नव्हे. गोळी देहातच राहिली, तर ती कुठे आहे आणि कोणत्या दिशेने आली असावी, एवढेच प्रतिमेवरून न्यायालयापुढे मांडता येते. शस्त्राची ओळख घटनास्थळी सापडलेल्या काडतुसाच्या पुंगळीवरून पटवावी लागते.