अमेरिकेतली शिक्षणकर्ज माफी : गैरसमज नको



गटात फिरताना आम्हांला हल्ली विचारतात, "साहेब, पोरगं अमेरिकेत सरकारी दवाखान्यात लागलंय. दहा वर्षांनी कर्ज माफ होतं म्हणे?"

योजना खरी आहे, २००७ सालची. पण ती तिथल्या केंद्र सरकारने थेट दिलेल्या कर्जापुरतीच. ते कर्ज मुख्यतः तिथले नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळते. जमीन तारण ठेवून इथल्या बँकेतून काढलेले कर्ज त्यात बसत नाही. माफीच्या भरवशावर हप्ता थांबवाल तर व्याज चढेल आणि जामीनदारही अडकेल.

ज्यांच्या मुलांचे तिथले सरकारी कर्ज आहे, त्यांनी मुलांना कळवावे :

१) नोकरी सरकारी किंवा पात्र धर्मादाय संस्थेत, आठवड्याला सरासरी ३० तास तरी हवी.

२) १२० पात्र मासिक हप्ते भरावे लागतात, सलग नसले तरी चालतात.

३) हप्ता उत्पन्नावर ठरणारा घ्यावा. दहा वर्षांच्या ठराविक हप्त्यात कर्जच फिटते, माफीला काही उरत नाही.

४) नोकरीचा दाखला दरवर्षी सहीनिशी पाठवावा.

लागणीची नोंद उशिरा दिली की तोड मागे पडते, हे आपण जाणतोच. तसेच हे.