वडिलांची खुर्ची, धाकट्यांचे तास

वैमानिक होण्यासाठीं पुत्रास वा कन्येस अमेरिकेस पाठविणारीं कुटुंबें आतां आपल्यांतही पुष्कळ आहेत. शुल्काची चौकशी सर्वजण करतात. तेथील सेवाज्येष्ठतेची मात्र फारसा कोणी करीत नाहीं. बहुतेक अमेरिकन कंपन्यांत दाखल झाल्याची तारीख हीच वैमानिकाची कुंडली होय. वेतन, विमान, मार्ग, रजा, सारें तिजवरून ठरतें. वरचा उतरल्यावांचून खालच्यास चढतां येत नाहीं.

व्हिएतनाम युद्धाच्या काळांतील अनेक वैमानिक सैन्यांत, म्हणजे सरकारी खर्चानें, शिकले. त्यांनीं साठाव्या वर्षीं निवृत्त व्हावयाचें होतें. परंतु १३ डिसेंबर २००७ रोजीं कायद्यानें ती मर्यादा पासष्टावर नेली. २००१ नंतरच्या दिवाळखोरींत कित्येकांचें निवृत्तिवेतन बुडालें होतें, तेव्हां त्यांना दोष कोण देईल? पण तीं पांच वर्षें धाकट्यांच्या आयुष्यांतून वजा झालीं, आणि लागलीच २००८ ची मंदी आली. कर्ज काढून शिकलेले तरुण लहान प्रादेशिक कंपन्यांत तुटपुंज्या पगारावर अडकून पडले.

१२ फेब्रुवारी २००९ रोजीं अशाच एका कंपनीचें, कोल्गनचें, विमान बफेलोनजीक कोसळून ५० माणसें दगावलीं. सहवैमानिक तरुणी देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. पुढें २०१० च्या कायद्यान्वयें, २०१३ पासून, सहवैमानिकासही सामान्यतः १५०० तासांचें उड्डाण आवश्यक झालें. पूर्वीं २५० पुरत असत. वस्तुतः त्या विमानांतील दोघांचेही तास १५०० हून अधिक होते! वेग घटून पंखांचा आधार सुटूं लागल्याची सूचना मिळतांच विमानाचें नाक खालीं दाबावयाचें, तें कप्तानानें वर ओढलें. उणीव तासांची नव्हती, शिकवणुकीची होती, असें आम्हांस वाटतें. सैन्यांतून आलेल्यास आजही ७५० तास पुरतात. इतरांनीं नवशिक्यांना शिकवीत किंवा जाहिरातीचे फलक ओढीत ते भरावयाचे.

२०२० च्या महामारींत कंपन्यांनीं अनेक ज्येष्ठांस पैसे देऊन लवकर घरीं बसविलें. २०२२ त वैमानिकांची टंचाई भासतांच प्रादेशिक कंपन्यांनीं वेतनें एकदम वाढविलीं, रुजू होण्यास बक्षिसेंही देऊं केलीं. ज्यांचे तास नेमके त्या वर्षीं भरले त्यांना तीं मिळालीं. त्यांच्या वडील बंधूंचे उमेदीचे दिवस त्याच खुर्चीची वाट पाहण्यांत गेले होते.