‘काहीही घे रे, त्याचे मार्क धरत नाहीत’

पदवीचं नवं सत्र सुरू झालं की कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘‘ओपन इलेक्टिव्ह काहीही घे रे, त्याचे मार्क धरत नाहीत.’’ सांगणारा बहुधा सीनियर असतो आणि इतक्या ठामपणे सांगतो, की ऐकणाऱ्याला नियम उघडून बघावासाच वाटत नाही. मग ताटात डाव्या बाजूला वाढलेल्या कोशिंबिरीकडे बघावं तसं या विषयाकडे बघितलं जातं. निकाल लागला की मात्र स्टाफरूमच्या दारात प्रश्न येतो, ‘‘सर, मेजरला तर चांगले मार्क आहेत, मग एसजीपीए एवढा कमी कसा?’’

धरतात म्हणून. ओपन इलेक्टिव्हचे मार्क धरतात, आणि पूर्ण धरतात.

सत्राचा एसजीपीए काढायची रीत यूजीसीने सांगून ठेवली आहे आणि ती गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा छापलेलीही असते. प्रत्येक विषयाच्या ग्रेड पॉइंटला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि सत्राच्या एकूण क्रेडिटने भागायचं. या सूत्रात मेजर, मायनर, ओपन यांतला एकही शब्द नाही. सूत्राला फक्त क्रेडिट कळतात.

आता हिशेब करू. समजा, सत्र २२ क्रेडिटचं आहे, त्यात ओपन इलेक्टिव्हची ४. उरलेल्या १८ क्रेडिटमध्ये तुम्हाला सगळीकडे ‘ए’ म्हणजे ८ पॉइंट मिळाले. ओपन इलेक्टिव्हकडे ढुंकूनही न बघितल्यामुळे तिथे ‘सी’, म्हणजे ५. एसजीपीए होतो ७.४५. त्याच विषयात ‘ए प्लस’चे ९ मिळाले असते, तर तो ८.१८ झाला असता. हा पाऊण पॉइंटच्या आसपासचा फरक सहा क्रेडिटच्या मेजरमधून भरून काढायचा, तर तिथे जवळजवळ तीन ग्रेड वर चढावं लागेल. ‘ए’च्या वर दोनच ग्रेड आहेत. म्हणजे रात्र रात्र जागूनही तो फरक मेजरमधून भरून निघत नाही. आणि ‘एफ’ आला, तर क्रेडिटच मिळत नाहीत. केटी मेजरची असो की ओपन इलेक्टिव्हची, ती सुटल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही.

हा समज अगदी हवेतून आलेला नाही, हेही मान्य करायला हवं. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षणाबद्दल आदेश दिले. त्यातून पुढे पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला. बऱ्याच ठिकाणी तो फक्त पास होण्यापुरता होता, एकूण गुणांत मिळवला जात नसे. दादा-ताईंच्या पिढीने तेच पाहिलं आणि तेच धाकट्यांना सांगितलं. आजही एखादा कोर्स ‘ऑडिट’ किंवा ‘नॉन-क्रेडिट’ म्हणून लावलेला असेल, तर त्याचे गुण सरासरीत येत नाहीत. पण तसं अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलेलं असतं. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात जो नवा आराखडा आला, त्यात ओपन इलेक्टिव्हला १० ते १२ क्रेडिट दिली आहेत. पर्यावरणसुद्धा आता मूल्यशिक्षणाच्या गटात क्रेडिटसह येतो. स्वायत्त कॉलेजांत हे २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू आहे. तेव्हा जुन्या पद्धतीत शिकलेल्या सीनियरला विचारून फॉर्म भरू नका, एवढं तरी करा.

एवढं समजावल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘मग स्कोअरिंग विषय कुठला?’’ इथे माझा धीर सुटतो. विषयाला ‘स्कोअरिंग’ ही ख्याती एखाद्या वर्षीच्या सोप्या पेपरवरून चिकटते. पुढच्या वर्षी पेपर काढणारा बदलतो, ख्याती तशीच राहते. ख्यातीपेक्षा अभ्यासक्रमाची पीडीएफ बघा. अंतर्गत गुण किती, ते प्रकल्पाला की चाचणीला, तास कोणत्या वेळी, शिकवणार मराठीत की इंग्रजीत, हे तिथे किंवा विभागात दहा मिनिटांत कळतं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं म्हणजे ३०. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल ‘छोटंसं’ म्हणून घेणाऱ्याने पुढचे ६० तास आधी मोजावेत.

बाकीचे समज थोडक्यात. ‘सायन्सवाल्याने ओपन इलेक्टिव्हही सायन्सचाच घ्यावा, मेजरला मदत होते’: त्याच शासन निर्णयानुसार तो दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यायचा आहे. ‘मायनर म्हणजे दुसरी डिग्री’: नाही, ती त्याच पदवीतली १८ ते २० क्रेडिट. ‘स्वयं पोर्टलवर ऑनलाइन कोर्स केला की क्रेडिट आपोआप जमा’: आधी कॉलेजची मान्यता लागते, मग परीक्षा. शिवाय यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार असे कोर्स सत्रात ४० टक्क्यांपर्यंतच चालतात. यूट्यूबवर बघितलेलं व्याख्यान यात कुठेच बसत नाही. ‘वर्षभराने सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतंच’: ४० ते ४४ क्रेडिट झाल्यावरही कौशल्याची किंवा इंटर्नशिपची आणखी ४ करावी लागतात. ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेली क्रेडिट कायमची’: साधारणपणे सात वर्षांपर्यंतच. ‘चौथं वर्ष केलं नाही तर डिग्री अर्धी’: तीन वर्षांची, १२० ते १३२ क्रेडिटची पदवी ही पूर्ण पदवीच आहे. चौथं वर्ष ऑनर्ससाठी. ते केलं, तर एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकतं.

राहता राहिला ‘विषय नंतर कधीही बदलता येतो’ हा समज. बदलता येतो, पण कॉलेजने दिलेल्या मुदतीत आणि दुसऱ्या विषयात जागा शिल्लक असेल तरच. ती तारीख नोटीस बोर्डावर लावलेली असते. ऑक्टोबरमध्ये, परीक्षेचा फॉर्म भरताना, ती वाचून उपयोग नसतो.