रस्ता रुंद, कोंडी बंद?

24 नोव्हेंबर 2024 रोजी स्विस मतदारांनी महामार्गांच्या रुंदीकरणाला नकार दिला. सहा ठिकाणची कामं, खर्च सुमारे 4.9 अब्ज फ्रँक, पाठीशी सरकार आणि संसद, तरी 52.7 टक्के मतं विरोधात. 'पैसा हाताशी असून कोंडीत अडकायची हौस कुणाला असते?' हा त्यावरचा ठरलेला शेरा. खंडाळ्याच्या घाटात दोन तास काढलेल्या माणसाने तो मारला तर समजू शकतं. वाहतुकीवर अधिकाराने बोलणारेही तेच म्हणतात, तेव्हा मात्र कपाळाला हात लावावा लागतो.

रुंदीकरणाने कोंडी फुटते, पण काही काळच. बर्नजवळ वांकडॉर्फ ते शेनब्यूल हा पट्टा सहावरून आठ मार्गिकांचा होणार होता. रस्ता मोकळा झाला, की रेल्वेने जाणारा गाडी काढतो, गर्दी टाळून दहाला निघणारा आठलाच निघतो, कुणी आणखी लांब घर घेतो. जागा पुन्हा भरते. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त हेच आकड्यांनिशी मांडलं: अमेरिकी शहरांत आंतरराज्य महामार्ग जितक्या टक्क्यांनी वाढले, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यांवरची वाहतूकही वाढली. तरी शंका असेल, तर ह्यूस्टनचा केटी फ्रीवे पाहा. 2008 मध्ये काम पुरं झालं, तेव्हा सेवारस्ते धरून काही ठिकाणी 26 मार्गिका होत्या. तिथल्याच वाहतूक केंद्राच्या नोंदींनुसार 2011 ते 2014 या काळात संध्याकाळच्या प्रवासाचा वेळ सुमारे 55 टक्क्यांनी वाढला. सव्वीस मार्गिका! आणखी किती हव्यात?

असे आणखीही शेरे ऐकू येतात. 'टोल असला की गर्दी आटोक्यात राहते.' तो दर फेरीला किंवा गर्दीच्या तासाला लागत असेल तर. स्विस महामार्गांवर वर्षाला 40 फ्रँकचं स्टिकर काचेवर लावलं, की वर्षभर हवं तेवढं फिरा. ते 100 फ्रँक करायचा प्रस्तावही 2013 मध्ये मतदारांनीच पाडला.

'तिकडे प्रत्येक रस्त्यावर मतदान होतं.' नाही. संसदेच्या अशा निर्णयाविरुद्ध 100 दिवसांत 50,000 सह्या जमल्या, तरच.

'आता तो पैसा करदात्यांना परत मिळेल.' तेही नाही. तो राष्ट्रीय महामार्ग आणि शहरी वाहतुकीसाठी राखलेल्या निधीतला आहे.

'म्हणजे स्विस लोकांना रस्तेच नकोत.' आल्प्समधल्या गोटहार्ड महामार्गाच्या दुसऱ्या बोगद्याला त्यांनीच 2016 मध्ये होकार दिला आणि त्याचं खोदकाम सुरू आहे. मात्र दोन्ही बोगदे तयार झाल्यावरही प्रत्येकात एकच मार्गिका वाहतुकीला खुली राहील, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.